टपालहशिलाचे गणित

पाकिटाच्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात लावलेले तिकीट इतके परिचयाचे झाले आहे की, ते तेथे का असते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. पत्र पोचविण्याची मजुरी लिहिणाऱ्याने अगोदरच चुकती केली आहे, याची ती पावती होय. अलीकडे कित्येक देशांत मात्र त्या कोपऱ्यात राजाराणीचे चित्र नसते की पक्ष्याफुलांचेही नसते. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन तेवढा असतो. तो टपालकचेरीच्या खिडकीवर विकत घेतलेला नसतो. पत्र लिहिणारा घरबसल्या इंटरनेटवरून पैसे भरतो आणि आपल्याच यंत्रावर तो चौकोन पाकिटावर छापून घेतो. यालाच ऑनलाइन टपालहशील म्हणतात. काही ठिकाणी असा चौकोन छापलेल्या पत्रास तिकीट लावलेल्या पत्रापेक्षा कमी पैसे पडतात. हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. पत्र तेच, वजन तेच, अंतर तेच आणि दारात आणून देणारा पोस्टमनही तोच. मग पैसे कमी का? या प्रश्नाचे उत्तर सुमारे एकशे नव्वद वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका शाळामास्तराने शोधून ठेवले आहे.

त्या काळी इंग्लंडात पत्र पाठविणे फारसे कठीण नव्हते. कठीण होते ते पत्र घेणे. टपालाचे पैसे बहुधा पत्र स्वीकारणाऱ्याने द्यावयाचे, असा रिवाज होता. हशील ठरे ते दोन गोष्टींवर : पत्र किती मैलांवरून आले आणि त्यात कागद किती आहेत. एकाऐवजी दोन कागद असले की पैसे दुप्पट. वरचे पाकीट हाही कागदच धरीत, म्हणून पाकीट वापरण्याची चैन लोक करीत नसत. लिहिलेला कागदच घडी घालून लाखेने बंद करीत. काटकसरी माणसे तर एकदा आडवे लिहून झाल्यावर त्याच पानावर उभ्या ओळी लिहीत. ती पत्रे वाचणाऱ्याच्या डोळ्यांची दया येते. लंडनहून एडिंबरोस गेलेल्या एका कागदाच्या पत्रास एक शिलिंगाहून अधिक पडे. शेतमजुराची आठवड्याची मिळकत त्या वेळी दहा शिलिंगांच्या आसपास असे. म्हणजे परगावी गेलेल्या मुलाचे पत्र हाती घ्यावयाचे, तर बापाने अर्ध्या दिवसाहून अधिक कमाई पोस्टमनच्या हातावर ठेवली पाहिजे. उलट पार्लमेंटाच्या सभासदांची पत्रे फुकट जात, आणि त्यांच्या सहीचा लाभ त्यांचे इष्टमित्रही घेत. ज्याला परवडत होते त्याला माफी, आणि ज्याला परवडत नव्हते त्याच्यावर भार, असा हा उफराटा न्याय होता.

कोलरिज या कवीने पाहिलेली म्हणून एक गोष्ट त्या काळी सांगत असत. इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात एका झोपडीच्या दाराशी पोस्टमन उभा होता. त्याने एका गरीब स्त्रीपुढे पत्र धरले आणि एक शिलिंग मागितला. तिने पत्र उलटसुलट करून पाहिले आणि पैसे नाहीत म्हणून परत केले. कोलरिजला दया आली. तिने नको नको म्हटले, तरी त्याने शिलिंग देऊन पत्र सोडविले. पोस्टमन गेल्यावर तिने पत्र उघडून दाखविले, तो आत कोरा कागद! तिचा भाऊ दूरदेशी होता. मधूनमधून कोरा कागद पाठवावयाचा, तिने तो नुसता पाहून परत करावयाचा आणि भाऊ खुशाल आहे असे समजावयाचे, असा दोघांचा संकेत ठरलेला होता. ही गोष्ट पुढे दुसऱ्याच माणसाच्या नावावर खपली. पण त्या काळच्या टपालाची अवस्था ती नेमकी दाखविते. भावाबहिणीला एकमेकांची खुशाली कळण्यासाठी लबाडी करावी लागे, आणि टपालखाते दोनशे मैल कोरा कागद फुकट वाहून नेई.

ज्याच्या नावावर ती गोष्ट खपली तो रोलंड हिल हाच तो शाळामास्तर. त्याचा जन्म १७९५ मधला. बर्मिंगहॅमजवळ त्याच्या कुटुंबाची शाळा होती आणि तेथे तो शिकवीत असे. टपालखात्यात त्याने तोवर एक दिवसही नोकरी केली नव्हती. मात्र त्याने सरकारी अहवाल जमविले आणि आकडेमोड मांडली. १८३७ मध्ये टपालाच्या सुधारणेविषयी त्याने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीतील एक हिशेब वाचून लोक चकित झाले. लंडनहून एडिंबरोस एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च पेनीचा छत्तिसावा भाग एवढाच येत होता! घोडागाडी जातच होती. तिच्या पेटाऱ्यात एक पत्र अधिक पडले काय आणि न पडले काय, घोड्यांना त्याचा पत्ताही लागत नव्हता. मग शिलिंगभर पैसे कशाला लागत? ते मोजदादीला लागत. कारकुनाने प्रत्येक पत्र उजेडापुढे धरून आत कागद किती ते पाहावयाचे, मैल मोजावयाचे, आकडा लिहावयाचा, वहीत नोंद करावयाची. पोस्टमनने दारोदार थांबून पैसे मागावयाचे, मोड द्यावयाची, न घेतलेली पत्रे परत आणावयाची आणि पुन्हा हिशेब द्यावयाचा. पत्राला महाग करीत होते ते अंतर नव्हे. तो हिशेब होता.

रोग कळला की औषध सुचते. हिलने सुचविले की, देशात कोठेही पत्र जावो, अर्ध्या औंसास एकच पेनी घ्यावी. आणि ती पाठविणाऱ्याने अगोदर द्यावी. अगोदर दिल्याची खूण म्हणून मागे डिंक लावलेला कागदाचा लहान तुकडा पत्रावर चिकटवावा. टपालखात्याच्या वरिष्ठांनी या सूचनेची थट्टा केली. व्यापारी आणि सामान्य लोक मात्र हिलच्या बाजूस उभे राहिले. १८४० च्या जानेवारीच्या १० तारखेस एका पेनीचे टपाल सुरू झाले आणि मे महिन्याच्या ६ तारखेपासून काळ्या रंगाचे ते जगातले पहिले तिकीट चालू झाले. ज्याने पैसे अगोदर भरले नाहीत, त्याच्या पत्रास दोन पेन्स पडू लागले. १८३९ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे साडेसात कोटी पत्रे गेली होती. १८४० मध्ये ती सतरा कोटींच्या जवळ पोचली.

हिंदुस्थानात हीच सुधारणा १८५४ मध्ये झाली. त्यापूर्वी मुंबईहून कलकत्त्यास एक तोळा वजनाचे पत्र पाठवावयाचे, तर एक रुपया पडत असे. नव्या कायद्याने अंतराचा प्रश्नच काढून टाकला. पाव तोळ्यास अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यास एक आणा, तोळ्यास दोन आणे. मग पत्र पुण्याहून साताऱ्यास जावो की पेशावरास जावो. सोळा आण्यांचे काम दोन आण्यांत होऊ लागले.

त्या काळ्या तिकिटाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण आजच्या छापील चौकोनाशी तिचा नातेसंबंध आहे. कागदाचा तुकडा हाच जेव्हा पैसा होतो, तेव्हा कोणी तो खोटा छापील, कोणी वापरलेला तुकडा धुऊन पुन्हा लावील, ही भीती उत्पन्न होते. पहिल्या तिकिटांचा एक ताव २४० तिकिटांचा असे. जुन्या चलनात २४० पेन्सचा एक पौंड होई, म्हणून तो आकडा. तावावरील प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरे असत. एक अक्षर ओळ दाखवी, दुसरे रकाना. म्हणून एका तावात कोणतीही दोन तिकिटे तंतोतंत सारखी नसत. एकाच तिकिटाची नक्कल करून ढीग छापणारा लबाड त्यामुळे पकडता येई. वापरलेल्या तिकिटावर प्रथम तांबडा शिक्का मारीत, पण तो पुसून टाकता येतो असे आढळले. म्हणून १८४१ मध्ये तिकीट तांबडे केले आणि शिक्का काळा.

तिकिटाने गरिबाचे काम सोपे केले. परंतु ज्या कचेरीतून रोज शेकडो पत्रे जात, तेथे तिकिटे चाटून चिकटविणे हेच एक काम होऊन बसले. शिवाय तिकिटांची पेटी म्हणजे सुट्या पैशांची पेटीच; ती शिपायाच्या हाती देणे जिवावर येई. यातून हशिलाचा शिक्का मारणारी यंत्रे निघाली. १९२० मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने अशा यंत्रास मान्यता दिली. यंत्रात ठरावीक रकमेचा भरणा अगोदर करावयाचा, आणि तो संपेपर्यंत पाकिटांवर शिक्के उमटवावयाचे. आपल्याकडेही मोठ्या कचेऱ्यांच्या पत्रांवर तिकिटाऐवजी असा छापील शिक्का दिसतो. पण यंत्र महाग पडे, भाड्याने घ्यावे लागे; लहान दुकानदाराला किंवा गृहस्थाला ते परवडण्यासारखे नव्हते.

संगणक आणि छपाईयंत्र घरोघर आल्यावर ही अडचण दूर झाली. १९९९ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या टपालखात्याने घरच्या संगणकावर हशील छापून देण्याची परवानगी दोन खाजगी कंपन्यांना दिली. तिची रीत अशी : ग्राहकाने कंपनीकडे खाते उघडून त्यात पैसे ठेवावयाचे. पत्र लहानशा तराजूवर तोलावयाचे. मग संगणकावर पत्ता, वजन आणि पाकिटाचा प्रकार भरावयाचा. यंत्र पत्त्याचा क्रमांक तपासून पाहते, चुकला असल्यास दुरुस्त करते, हशील किती ते सांगते, तेवढी रक्कम खात्यातून वजा करते आणि चौकोन छापते. त्या चौकोनातील ठिपके ही नक्षी नव्हे, ती लिपी आहे. रक्कम, तारीख, खात्याची ओळख आणि त्या एका छापणीचा अनुक्रम तीत नोंदलेला असतो. शिवाय खरेपणाची सांकेतिक सहीही असते. टपालखात्याचे यंत्र ती क्षणार्धात वाचते. कोणी त्याच चौकोनाच्या दहा प्रती काढल्या, तर दहांचा अनुक्रम एकच निघतो आणि चोरी उघडकीस येते. १८४० मधल्या तिकिटाच्या कोपऱ्यांतील दोन अक्षरांनी जे काम केले, तेच हे ठिपके करतात. खुद्द ब्रिटनमध्ये २०२२ पासून नेहमीच्या तिकिटांवरही असा ठिपक्यांचा पट्टा छापू लागले.

आता स्वस्ताईचा विचार करू. तिकीट छापावे लागते, गावोगाव पाठवावे लागते, खिडकीवर माणूस बसवून विकावे लागते. घरी छापलेल्या चौकोनात हा खर्च टपालखात्यास पडत नाही, पत्ताही यंत्राला वाचता येईल असा स्वच्छ छापलेला असतो. वाचलेल्या खर्चाचा काही वाटा ग्राहकास परत मिळावा, हे न्याय्यच आहे. २०१४ च्या जानेवारीपासून अमेरिकेत एक औंसापर्यंतच्या, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्रास दोन दर झाले : तिकीट लावल्यास ४९ सेंट आणि यंत्राने छापल्यास ४८. २०२५ च्या जुलैमध्ये हेच दर ७८ आणि ७४ झाले. म्हणजे पत्रामागे चार सेंट वाचू लागले. हिलचा हिशेब येथे पुन्हा खरा ठरला.

परंतु चार सेंट वाचले म्हणून लगेच हुरळून जाणे बरे नव्हे. या खाजगी कंपन्यांपैकी बऱ्याच जणी दरमहा वर्गणी घेतात. ती वीस डॉलर धरली, तर चार सेंटांच्या बचतीने ती भरून निघण्यास महिन्यास पाचशे पत्रे लिहावी लागतील! महिन्याला पाचसात पत्रे लिहिणाऱ्या गृहस्थाने तिकीटच लावावे, हे उघड आहे. जाहिरातीत चार सेंटांचा आकडा मोठा असतो आणि वर्गणीचा लहान. दोन्ही शेजारीशेजारी मांडून पाहणाऱ्याचीच बचत होते.

मोठ्या पाकिटाची गोष्ट मात्र निराळी आहे. अमेरिकेत साधे पत्र म्हणजे फार तर साडेअकरा इंच लांब, सहा इंचांहून किंचित अधिक रुंद आणि पाव इंच जाड. त्याहून मोठे, पंधरा इंच लांब, बारा इंच रुंद आणि पाऊण इंच जाड येथपर्यंतचे पाकीट मोठ्या पाकिटांच्या वर्गात मोडते. २०२५ च्या जुलैमधील दराने अशा पाकिटास पहिल्या औंसाचे १ डॉलर ६३ सेंट पडत होते. चार छापील कागद आणि वरचे साधे पाकीट यांचे वजन एक औंसाच्या आतच भरते. ते चार कागद तीन घड्या करून लांबट पाकिटात घातले, तर ७८ सेंटांत जातात. तेच कागद घडी न घालता मोठ्या पाकिटात सरळ ठेवले, तर दुपटीहून अधिक पैसे पडतात. एका घडीची किंमत ८५ सेंट! प्रमाणपत्र किंवा छायाचित्र असेल, तर घडी घालता येणार नाही, हे खरे. पण घरभाड्याचा कागद किंवा वर्गणीची पावती सरळच राहिली पाहिजे असे थोडेच आहे?

मोठे पाकीट पाठविणे अपरिहार्यच असेल, तेव्हा तिकिटांची अडचण पुढे येते. घरात बहुधा ७८ सेंटांचीच तिकिटे असतात. दोन लावावी, तर १ डॉलर ५६ सेंट होतात आणि सात सेंट कमी पडतात. तीन लावावी, तर २ डॉलर ३४ सेंट होतात आणि ७१ सेंट वाया जातात. पाकीट परत येण्याच्या भीतीने माणसे तिसरे तिकीट लावतातच. घरी छापलेल्या चौकोनाचा खरा लाभ येथे आहे. तो सेंटासेंटाने नेमका छापता येतो. अमेरिकेतील अनेक शहरांत मराठी माणसांची महाराष्ट्र मंडळे आहेत. अशा एखाद्या मंडळाने गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका, वजन एक औंसाच्या आत ठेवून, पन्नास घरी मोठ्या पाकिटांतून धाडली असे समजा. तीन तीन तिकिटे लावल्यास ३५ डॉलर ५० सेंट विनाकारण जातील. त्या महिन्यापुरती वीस डॉलर वर्गणी भरली, तरी साडेपंधरा डॉलर शिलकीत राहतात. ज्याच्यापाशी वेळ आहे, त्याने पाकिटे टपालकचेरीत नेऊन खिडकीवर तोलून घेतली, तर तेथेही नेमक्या रकमेची चिठी लावून मिळते, आणि तिला वर्गणी लागत नाही. ही गोष्ट कंपन्या सांगत नाहीत, हे ओघानेच आले.

आकाराविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. पत्रे आता हातांनी निवडीत नाहीत, यंत्रे निवडतात. यंत्राच्या पट्ट्यांतून जे पाकीट सुरळीत वाहत नाही, ते माणसाच्या हाती जाते, आणि माणसाचा हात लागला की खर्च वाढतो. म्हणून चौकोनी शुभेच्छापत्र, दोऱ्याने किंवा धातूच्या चापाने बंद केलेले पाकीट, यांवर अमेरिकेत जादा आकार पडतो. मोठे पाकीट लवचीक नसेल किंवा आतील वस्तूमुळे एके ठिकाणी फुगले असेल, तर ते पार्सल धरतात. ब्रिटनमध्येही २००६ च्या ऑगस्टपासून वजनाच्या जोडीस आकार आणि जाडी मोजू लागले. तेथे साध्या पत्राची जाडी पाच मिलिमीटरांहून अधिक चालत नाही.

छपाईयंत्र नसणाऱ्यांसाठी जर्मनीने २०२० मध्ये फारच सुटसुटीत युक्ती काढली. मोबाइलवरून पैसे भरले की आठ अक्षरांकांचा एक संकेत मिळतो. तो पाकिटाच्या कोपऱ्यात साध्या लेखणीने लिहावयाचा, तेच तिकीट!

असे असूनही पत्राचे हशील वर्षानुवर्षे वाढतेच आहे. ब्रिटनमध्ये २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिल्या वर्गाच्या साध्या पत्रास १ पौंड ७० पेन्स पडू लागले. जुन्या हिशेबाने ते ४०८ पेन्स होतात. रुपयापैशांप्रमाणे पौंडपेन्सचीही किंमत दरम्यान घटली, ही गोष्ट वेगळी. पण मुख्य कारण वेगळेच आहे. हिलचे गणित पत्रांच्या संख्येवर उभे होते. पोस्टमनला गल्लीत एक फेरी घालावीच लागते. ती फेरी शंभर पत्रांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्यास थोडा खर्च येतो आणि दहा पत्रांत वाटली, तर दसपट. लोक पत्रे लिहीनासे झाले तसतसा उरलेल्या पत्रांवर साऱ्या फेरीचा भार पडू लागला. घरी छापलेले हशील मोजदादीचा खर्च वाचविते, फेरीचा वाचवीत नाही. डेन्मार्कमध्ये या शतकाच्या आरंभापासून पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. शेवटी १६२४ पासून चालत आलेले पत्रवाटपाचे काम तेथील राष्ट्रीय टपालसंस्थेने २०२५ च्या डिसेंबरअखेर थांबविले, आणि ज्यांना पत्र पाठवावयाचे असेल त्यांना खाजगी संस्थेकडे जावे लागले.

भारतात २०२५ मध्येही वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्रास पाच रुपये, आंतरदेशीय पत्रास अडीच रुपये आणि पोस्टकार्डास पन्नास पैसे पडत होते. पोस्टकार्ड पोचविण्याचा खर्च पन्नास पैशांत भागत नाही, हे कोणासही कळेल. ती तूट सरकार सोसते. आपल्याकडे साध्या पत्राचा आकार मुख्यतः वजनावर असतो. लिहिण्याच्या मोठ्या कागदाचे वजन सुमारे पाच ग्रॅम भरते. तीन कागद आणि हलके पाकीट पाच रुपयांत जाण्याचा संभव असतो. चौथा कागद घातला की दहा रुपयांचे तिकीट लावावे लागते. ते न लावता पाचाचेच लावून पत्र पेटीत टाकले, तर कमी पडलेल्या पाच रुपयांची दुप्पट, म्हणजे दहा रुपये, पोस्टमन ज्याच्या नावे पत्र आहे त्याच्या दारात मागतो.